बिब्ब्याचा हात

—न्हाय म्हणलं ना बाई एकदा! तिच्याजवळ बसून जोडीनं फोटू काढायचा न्हाय म्हंजी न्हाय. आदी जेवा. येळवसला, रान पुजायच्या दिवशी, शेतात आलेलं माणूस उपाशी धाडायचं न्हाय, मंग ते वैरी का असंना—म्हून वाढायलेय तुमाला; न्हायतर तुमचं आन् माजं काय सोयरपण? बसा तिथं कोपीत, कडब्याच्या सावलीला. तुमचंच शास्तर हाय न्हवं, उनानं कातडं म्हातारं होतं म्हून? मंग बसा सावलीत, संबाळा कातडं. ही समद्या भाज्यांची भज्जी, हे बाजरीचे उंडे, ही खीर. आंबील? देते की—आंबिलीचं बिंदगं आमच्या मालकांकडं हाय, ते ज्वारीत शिंपडत फिरायलेत, बघा तिकडं, धोतर वर खोचलेलं. लोक शंकरप्पा म्हणतात त्यास्नी, म्या नाव घेत न्हाय. एकदा शिंपडाय लागले की भान राहत न्हाय, एकेका धाटाला इचारत बसतात, बरं हाय का म्हून. बायकूला कदी इचारलं न्हाय ते असूंदे. तुमी बेंबळी गावच्या, तुमाला येळवस काय सांगायची म्या; पर डॉक्टरीण झाल्यावर माणूस आंबील पण चमच्यानं पितं, म्हून म्हणलं, चमचा लागंल का?

आन् हे बघा, त्या दिवशी शाळेत तुमी सांगितलं ते सगळं ध्यानात हाय माज्या. म्या काय बहिरी न्हाय. फळ्यावर खडूनं चित्र काढलं, गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या लायनीत बसवल्या—काय तर म्हणं, कातड्याच्या आत पहारेकरी असतात. पांढऱ्या पेशी. काटा रुतला, जंतू शिरला की धावून येतात, जाळपोळ करतात. ती सूज, ती लाली, ती आग, समदं त्यांचंच काम. काम झालं की त्यांनी घरला जायचं. पर वय झालं, ऊन लई झालं की त्यातले थोडे घरला जातच न्हायत. चोर कवाच पळाला तरी हे आपले तिथंच काठ्या आपटत बसलेले. आत धुमसत राहतात, आन् कातडं ज्या धाग्यांनी ताणून धरलेलं असतं ते धागेच कुरतडतात, म्हून सुरकुत्या. व्हय ना? बरोबर सांगितलं का? शाब्बास म्हणा की मंग! मथुराबाईनं किती सरळ इचारलं तुमाला, की बाई, ह्या पहारेकऱ्यांना हाकलायचं औषद काय? तर तुमी म्हणला, औषद अजून न्हाय, अभ्यास चाललाय. औषद न्हाय, मलम न्हाय, नुसती म्हायती! काय करायची म्हायती? तोंडाला चोळायची? आन् वर आमच्याच दंडाचं टिकलीएवढं कातडं गोल कापून बाटलीत बुडवून नेलं. आमची सून शिवानी तेवढी खुळी, तुमच्या मागं-मागं फिरली. तिचं काय इचारता, सकाळचं मलम येगळं, झोपतानाचं येगळं, मधी उगंच एक. तरी कपाळाच्या आठ्या काय जात न्हायत तिच्या. जातीलच कशा? सासू म्या हाय!

हसू नका. खीर घ्या.

चूक माजी न्हवं, मथुराबाईची. तिनंच तोंड उघडलं, की ह्या महादेवीला जुळी भैन हाय, धाराशिवला, कापडाच्या दुकानदाराच्या घरात. जुळी म्हणल्यावर कसे चमकले वं डोळे तुमचे! गाईनं पेंड बघितल्यावाणी. एकच बी, एकाच पोटातलं, एक रान-उनात राबलं, एक सावलीत गादीवर बसलं—तुमाला तर घबाडच. म्या तवाच सांगितलं, की बाई, ही भैन म्या टाकलेली हाय. चाळीस वर्सं झाली. अव्वा—आमची आई, आमी अव्वाच म्हणतो, माहेर आमचं पार कर्नाटकाच्या शिवंवर—अव्वा गेली तवा बघितली तिला, ते पण पाठमोरी. म्या तोंड फिरवून बसले व्हते. त्याला पण वीस वर्सं झाली. पर तुमाला सांगून उपेग काय? तुमी गेला शोदत. सापडली? सापडणारच, जाती कुठं? गादी सोडून उठत असंल व्हय ती! चेहरा लोण्यावाणी असंल अजून. असंल ना? आँ? असंल म्हणते ना म्या, तुमी मान कशाला हालवता? तिला उनाचा चटका म्हंजी काय ठाव न्हाय, तुमच्या हिशेबानं तिचे पहारेकरी घोरत पडले असतील.

—ती रस्त्यावरची पांढरी गाडी तुमचीच न्हवं? मंग काचा वर कशाला? एवढा गार वारा सुटलाय. डायवर बसलाय का आत? बोलवा की त्याला, त्यो पण जेवंल, येळवस हाय, कुणाला न्हाय म्हणायचं न्हाय आज—डायवर न्हाय? तुमीच चालवत आला? मंग आत कोण हाय?

बाई. माज्याकडं बघून सांगा. आत कोण हाय?

व्हय का. व्हय का! येळवस साधून आणली व्हय तिला! कुणी शिकवलं हे तुमाला, कॉलेजात का बेंबळीत? आज दारातलं माणूस परतवता येत न्हाय, हे बघून आणली! आन् ती? तिला पाय न्हाईत? बसलीय काच लावून म्हाराणी. काय म्हणाली? म्या बोलवल्याबगर उतरणार न्हाय? बघा, बघा तोरा! म्या बोलवायचं! म्या! मंग बसू दे. दिवस मावळस्तोवर बसू दे. उपाशी बसली तर येळवसचं पाप तिला लागंल, मला न्हाय.

काय झालं व्हतं म्हून काय इचारता? तिनं सांगितलं न्हाय? न्हाय सांगणार. म्याच सांगते, ऐका, खाता-खाता ऐका, हात थांबवू नका.

आमी दोगी एकसारख्या. अव्वा पण फसायची. लगीन माजं ठरलं, धाराशिवच्या दुकानदाराचं स्थळ, त्यांनी मला बघितलं, मला पसंत केलं. मला, तिला न्हाय! लग्नाला दोन दिवस राहिले. माज्या टाचांना ह्या अशा भेगा, आन् सासू शहरातली, पाय धुताना बघंल म्हून अव्वा म्हणली, बिब्बा लावा. बिब्बा दिव्यावर तापवायचा, त्यातनं तेल गळतं काळं, ते भेगंत सोडायचं; तुमाला ठाव असंल. तर ही भैन, गंगम्मा, म्हणली, म्या लावते. अक्काचे पाय म्या करते म्हणली, लई लाडानं. म्या घटकाभर मोठी न्हवं का तिच्यापेक्षा. बसली माज्या पायापाशी, एकेका भेगंत तेल सोडलं. बिब्बा हाताळला की हात खोबऱ्यानं रगडून पुसायचे असतात, शेंबड्या पोराला पण कळतं. तिनं काय केलं? तशीच उठली, हळदीच्या वाटीत हात घातला आन् पहिली हळद माज्या तोंडाला लावली. दोनी गालाला. असं, असं दाबून. हसत व्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर डोळं उघडंना. तोंड न्हवंच ते, भोपळा झालेला. फोड, पाणी, आग—आग अशी की म्या मातीत तोंड घासलं. बिब्बा उतला म्हणतात आमच्यात. वऱ्हाड आलं, सासूनं पदर वर करून बघितलं, आन् काय म्हणली ठाव हाय? रडली न्हाय, वरडली न्हाय. दुकानात साडीला डाग निघाला तर दुसरी काढा म्हणतात ना, तसं म्हणली, ‘दोगी सारख्याच हायत की. ही न्हाय तर ती बसवा, मुहूर्त कशाला घालवता?’ आन् आमच्या अप्पानं मान हलवली. लगीन लावणाऱ्या स्वामींनी मंतर म्हणले. शालू माजा, मणी माजे, मुंडावळ्या माज्या, नवरा माजा, आन् पाटावर कोण? ती. रडत व्हती म्हणं. रडंना! रडत-रडत बसलीच ना? उठली का पाटावरनं? म्या आत कोठीत, तोंडावर ओलं फडकं, वाजंत्री ऐकत पडलेली. आठ दिवसांनी सूज उतरली. हा एवढा डाग राहिला, ह्यो गालावरचा. अजून कैऱ्या उतरवताना चीक उडाला की नेमका इथंच उठतो, दुसरीकडं न्हाय.

तुमी त्या दिवशी त्याच्यावर बोट ठेवून म्हणला व्हता, आंबा आन् बिब्बा एकाच कुळीतले, म्हून आतल्या पहारेकऱ्यांना जुनी वळख पटती. तवा म्या कौतुक केलं न्हाय तुमचं. आता बी करत न्हाय.

आमचे मालक पुढच्या साली आले बघायला. अणदूरचे, कोरडवाहू रान, घरात चार भाऊ. म्या मुद्दाम डागाचा गाल पुढं करून बसले, म्हणलं, जा पळून. तर हा माणूस म्हणतो, ‘डाग हाय ते बरंय, जत्रंत चुकली तर वळखू येईल.’ आता ह्याला काय म्हणायचं? खंडोबाच्या जत्रंत दरसाली अजून तेच म्हणतात, आन् स्वताच हसतात. म्हून म्या म्हणते, काय अक्कल न्हाय. पर एक खरं, ‘ही न्हाय तर ती’ असं त्या माणसानं कदी… असूंदे. तुमाला काय करायचंय. भाकर घ्या.

चुकून? तुमी पण तेच म्हणा आता! चुकून झालं असंल! अव्वा मरंस्तोवर तेच म्हणत राहिली. म्या अव्वाला जे इचारलं तेच तुमाला इचारते, द्या जवाब, तुमी तर शिकलेल्या—तिच्या हाताला काय झालं? आँ? बिब्ब्याचं तेल तिच्या दोनी हातावर. माज्या तोंडाचा भोपळा झाला, आन् तिच्या हाताला साधा फोड न्हाय! खाज न्हाय! लग्नात सगळ्यांनी बघितले ते हात, मेंदी लावलेले, चांदीवाणी. कसं काय? म्या सांगते कसं. तिनं हाताला आदीच तेल चोपडलेलं व्हतं. तिला ठाव व्हतं काय करायचंय ते. एकच रगत, एकच कातडं—तुमीच म्हणता ना—मंग एकीला जळतं आन् दुसरीला न्हाय, असं कुठं असतं का? ह्याच्यावर कुणी बोललं न्हाय मला आजपावेतो. अप्पा न्हाय, अव्वा न्हाय, स्वामी न्हाय. तुमी पण भाकर मोडत बसला ना? झालं.

—काय? बेंबीचे डाग? त्यांचं काय? ते त्या दिवशी कातडं तपासताना बघितले की तुमी. सांगितलं ना, ते लहानपणचे. म्या मरतुकडी जन्मले, रातंदिस पोट धरून रडायची, म्हून सुईणीनं बेंबीभवती बिब्ब्याचे टिपके दिले. पाच. त्याचे व्रण हायत. सगळ्या मरतुकड्या पोरांना देतात. तिला? तिला कशाला देतील? ती गुटगुटीत, गप दूध प्यायची आन् झोपायची. तिच्या अंगाला बिब्बा लावलाच न्हवता कदी. त्याचा हिथं काय…

परत म्हणा.

न्हाय, सावकाश म्हणा. पहिल्यांदा लागला तर काय होत न्हाय? आतल्यांना वळखच नसती म्हून? मंग ते वळख ठेवतात, आन् मंग दुसऱ्यांदा आला की… आन् ती वळख रगताबरोबर येत न्हाय, ज्याची त्यानं कमवायची. जुळी असली तरी. म्हंजी माजे लहानपणीच शिकून बसले व्हते, पोटावरच्या टिपक्यांनी. आन् तिचे कोरे. तेल लागलं तरी तिला कळणार न्हाय. आग न्हाय, खाज न्हाय. हाताला काय लागलंय हेच तिला…

हे कुणी पढवलं तुमाला? तिनं? तिच्याबरोबर गाडीत आला तुमी, वाटंत शिकवलं असंल तिनं! लई हुशार हाय ती, न्हायतर दुकान चालवती का? न्हाय? तिला ठाव न्हाय? तुमी सांगितलं न्हाय तिला हे? आताच, माज्या तोंडून ऐकल्यावर जुळलं म्हणता? मंग ती काय म्हणते? तुमी इचारलं असंलच, तुमाला इचारायची खोड हाय. ‘हात धुवायचे राहिले माजे’ म्हणली? एवढंच? आन् काय? सांगा की, आता कशाला पत्रावळीत बघता? हात… दिवसातनं किती बी येळा? गल्ल्यावर बसता-उठता? कातडं निघंस्तोवर? अजून?

म्या कदी असं म्हणलं न्हवतं तिला, की हात धुत बस. म्या एवढंच म्हणलं व्हतं, की तुजे हात झडतील. एकदाच. अव्वाच्या मैतीला, सगळ्यांसमोर, तिचं तोंड न बघता.

तुमाला काय वाटलं, ह्याच्यानं म्या पाघळंन? खडूची बाई तुमी, फळा दिसला की चित्र काढणार! चाळीस वर्सं म्या हितं जे जाळलंय ते तुमच्या दोन वाक्यानं इझंल? आन् इझलं तर मंग ती चाळीस वर्सं कुणाची? कोण देणार मला? ते तुमचे पहारेकरी? चोर न्हवताच म्हणता ना तुमी—मंग काठ्या कुणावर आपटल्या म्या? सांगा! औषद न्हाय म्हणता, मलम न्हाय म्हणता, आन् येळवसच्या दिवशी शेतात येऊन माणसाला नुसती म्हायती… घ्या, सांडली खीर. असूंदे. पुसू नका.

—अवो! अवो, तिकडं कुठं निघालात? बिंदगं घेऊन रस्त्याकडं कशाला? आंबील पिकाला द्यायची असती, गाडीला न्हाय! ऐकत न्हाईत. कदी ऐकलंय? बघा कसे चाललेत, जसा सोयराच आलाय. काच वाजवायलेत. खुळा माणूस. चाळीस वर्सं म्या नाव काढू दिलं न्हाय घरात, आन् हा माणूस… दार उघडलं. हात दिला तिला. बघा. लोणी उतरलं म्हणावं गादीवरनं! आता बघा नखरा, बांदावर पाय ठेवायचा तर…

ती कोण हाय?

न्हाय, ती कोण हाय वं? मालकांच्या मागं येतीय ती. असं पाय वाकडा टाकत कोण… कमरंवर हात ठेवून… आन् पदर असा डोक्यावरनं गालावर… अव्वा—

अव्वाच की.

काय बघता माज्या तोंडाकडं? तुमी सांगायचं न्हवतं का! लोणी म्हणत बसले म्या, तुमी मान हालवत बसला! सावलीत राहून हे असं होतं? उनाबगर? कोणत्या फळ्यावर काढलं व्हतं हे तुमी? उठा. झालं ना जेवून? उठा तिथनं, ती जागा सावलीची हाय, मोकळी करा. पत्रावळ उचला. ती पिशवी, त्यो क्यामेरा, समदं घ्या आन् गाडीत जाऊन बसा. फोटू? अजून फोटूच! लाज न्हाय का वं तुमाला? जावा!

—गंगे! तिथंच थांब. कोपीत येऊ नको तशी. हात फुडं कर. दोनी. बघू. …काय केलंस गं हे. कर फुडं म्हणलं ना, घाबरती कशाला, पाणी घालते. एकदाच धुवायचे. बास. मंग जेवायचं.

आन् तुमी गेला न्हाय का अजून? जावा की वं बाई!